उत्तर: वडिलांच्या परिक्रमेसाठी मोठं मेमरी कार्ड कोणतं घ्यावं?

तुम्ही विचारताय ते साडेसहाशे रुपयांचं 1 टीबीचं (म्हणजे 1000 जीबीचं) मेमरी कार्ड घेऊ नका. खरं तर एवढ्यावरच उत्तर संपतं. पण वडील चातुर्मास संपला की ओंकारेश्वरहून पायी नर्मदा परिक्रमेला निघणार, चार-पाच महिने चालणार, सोबत छोटा अ‍ॅक्शन कॅमेरा आणि कार्डाची खाच असलेला अँड्रॉइड फोन असणार, आणि ‘एकच मोठं कार्ड घेऊन टाकलं की कटकट नाही’ असा तुमचा बेत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी 2009 पासून लग्नाची शूटिंगं करतो. कार्डांनी मला रडवलंय, त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं धरून चालतो.

आधी त्या स्वस्त कार्डाचं. मायक्रोएसडीत, म्हणजे फोनमध्ये बसतं त्या नखाएवढ्या कार्डात, 1 टीबीची कार्डं पहिल्यांदा जाहीर झाली 2019 मध्ये, आणि आजही नावाजलेल्या कंपनीचं तेवढं कार्ड काही हजारांच्या खाली मिळत नाही. साडेसहाशेला मिळतं ते 16 किंवा 32 जीबीचं कार्ड, अंगावर 1 टीबीचा छाप मारलेलं. युक्ती अशी असते. कार्डाच्या पोटात माहिती साठवणारी चिप असते आणि तिचा कारभार बघणारा एक छोटा कंट्रोलर असतो. फोनने ‘जागा किती?’ असं विचारलं की उत्तर कंट्रोलर देतो, चिप नाही. बनावट कार्डात या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. जमीन दोन गुंठे आणि सातबारा दोन एकरांचा, असा प्रकार. उतारा बघून सगळेच खूश असतात, पेरणीला गेल्यावर कळतं. खरी जागा संपली की काही कार्डं नवीन माहिती नुसती हवेत सोडून देतात, काही जुन्याच माहितीवर लिहीत सुटतात. फोन किंवा कॅमेरा मात्र ‘सेव्ह झालं’ म्हणतो. फाइलचं नाव दिसतं, आकार दिसतो, आत काही नसतं.

माझं सांगतो. मिरजेतलं लग्न, कार्ड 64 जीबीचं, नेहमीच्या नव्हे तर दुसऱ्याच एका दुकानातून घाईत घेतलेलं. पॅकिंग झकास होतं. हळद झाली, सीमांतपूजन झालं, मंगलाष्टकं झाली. रात्री घरी येऊन क्लिपा उघडायला लागलो. मामा नवरीला हाताला धरून आणतोय, दिसतंय. अंतरपाट धरलाय, भटजींनी पहिलं मंगलाष्टक उचललंय, दिसतंय. पुढच्या क्लिपवर टिचकी मारली तर करडा चौकोन. तिच्या पुढचीही तशीच. अंतरपाट खाली आलेला त्या कार्डावर कुठेच नव्हता. नंतर तपासलं तेव्हा कार्ड खरं 16 जीबीचं निघालं, म्हणजे माझ्या त्या वेळच्या कॅमेऱ्यात साधारण दीड तास. पाहुण्यांच्या मोबाइलमधले तुकडे गोळा करून कसंबसं जोडलं, आणि उरलेलं बिल मागायला काही गेलो नाही.

म्हणून माझा नियम एकच: कार्ड कुठूनही, कितीही किमतीचं, कुठल्याही कंपनीचं घ्या, परतीची मुदत संपायच्या आत ते एकदा काठोकाठ भरून, परत वाचून बघायचं. पॅकिंग बघून, होलोग्राम बघून, वजन तोलून काही कळत नाही. पॅकिंगची नक्कल कार्डापेक्षा सोपी असते.

विंडोजवर यासाठी एच2टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट, जुनं, दिसायला गबाळं पण भरवशाचं सॉफ्टवेअर आहे. जर्मन मंडळींनी लिहिलेलं असल्यामुळे उघडल्या उघडल्या जर्मन दिसतं. घाबरू नका, वरच इंग्रजीचा पर्याय आहे. कार्ड रिकामं करा, त्याचा ड्राइव्ह निवडा, ‘ऑल अ‍ॅव्हेलेबल स्पेस’ ठेवा आणि ‘राइट प्लस व्हेरिफाय’ दाबा. ते 1-1 जीबीच्या फाइली लिहीत कार्ड भरतं, मग पहिल्यापासून वाचत येतं आणि लिहिलेलं तेच परत आलं का ते ताडून बघतं. शेवटी ‘टेस्ट फिनिश्ड विदाउट एरर्स’ आलं की निवांत. चूक निघाली तर कार्डाची किती जागा खरी आणि किती वाया गेली तेही दाखवतं. मॅक किंवा लिनक्स असेल तर एफ3 नावाचं तसंच साधन आहे.

वेळ लागतो बरं का. कार्ड सेकंदाला 30 एमबीने लिहीत असेल तर 256 जीबी लिहायलाच जवळजवळ अडीच तास, वाचण्याचे वेगळे. रात्री लावून झोपा. लॅपटॉप आपोआप झोपणार नाही एवढं सेटिंग आधी बघून घ्या, माझी एक अख्खी रात्र त्यात गेलीय. या चाचणीचा दुसरा फायदा म्हणजे लिहिण्याचा खरा वेग समोर दिसतो. कार्ड खरं पण सदोष असेल तर तेही इथेच उघडं पडतं.

चाचणी न करताही ओळखता येतील अशा एकदोन खुणा आहेत. कार्डावर एसडीएचसी (हा कार्डाचा एक प्रकार) लिहिलंय आणि आकडा 32 जीबीच्या वर आहे, तर ते खोटंच, कारण एसडीएचसीची मर्यादाच 32 जीबी आहे. त्याच्या वर 2 टीबीपर्यंतच्या प्रकाराला एसडीएक्ससी म्हणतात. ‘16 टीबी मायक्रोएसडी’ असलं काही दिसलं तर हसा आणि पुढे जा. उलट 128 जीबीचं कार्ड लावल्यावर विंडोज 119 जीबी दाखवतं, ती फसवणूक नव्हे. कंपनी 1000 च्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या. दर महिन्याला या फोरमवर कुणीतरी यावरून धाग्यात ठणाणा करतं.

आता डब्यावरची अक्षरं. सगळ्यात ठळक छापलेला ‘170 एमबी’, ‘200 एमबी’ आकडा विसरा. तो वाचण्याचा वेग, तोही बहुतेक वेळा कंपनीच्याच खास रीडरमध्ये मिळणारा. कार्ड आणि उपकरण यांच्यात माहिती ज्या साध्या यूएचएस-1 मार्गाने जाते, त्याची कमाल मर्यादाच सेकंदाला 104 एमबी आहे. कॅमेऱ्याला वाचण्याशी घेणंदेणं नाही, त्याला न अडखळता लिहिता आलं पाहिजे. त्यासाठी व्ही 30 बघा. सेकंदाला किमान 30 एमबी सलग लिहिण्याची ती हमी आहे. यू 3 म्हणजेही तेच 30. नुसतं सी 10 किंवा यू 1 असेल तर हमी 10 चीच. कॅमेऱ्याच्या माहितीत ‘100 एमबीपीएस’ दिसलं तर दचकू नका, त्यातला बी म्हणजे बिट. आठाने भागा, साडेबारा येतात. व्ही 30 मध्ये ते आरामात बसतं. व्ही 60, व्ही 90 साठी पैसे घालवायची वडिलांना काही गरज नाही.

ए 1, ए 2 ही भानगड फोनमध्ये कार्डावर अ‍ॅप चालवायचे असतील तर. फोटो आणि व्हिडिओसाठी तिकडे बघूही नका. आणि फोन कधी ‘कार्ड फोनची अंतर्गत मेमरी म्हणून वापरू का?’ असं विचारील, तिथे नाही म्हणा. हो म्हटलंत तर फोन ते कार्ड स्वतःच्या किल्लीने कुलूपबंद करतो. मग फोन नर्मदेत पडला तर कार्ड सुखरूप हातात असूनही दुसऱ्या कशातही उघडणार नाही. परिक्रमेत फोन भिजणं काही नवलाचं नाही.

आता ‘एकच मोठं’ या बेताबद्दल. इथे माझं मत तुमच्या विरुद्ध आहे. 1 टीबीचं अस्सल कार्ड घेतलंत तरी चार महिन्यांची सगळी माया नखाएवढ्या एका तुकड्यावर राहणार. हरवलं, वाकलं, बिघडलं की सगळं गेलं. हिशोब करा: 1080पी (फुल एचडी) मध्ये 30 एमबीपीएसने तासाला साडेतेरा जीबी लागतात. वडील रोज अर्धा तास चित्रीकरण करतील असं धरलं (करणार नाहीत, पहिल्या आठवड्यानंतर पाय दुखायला लागले की कॅमेरा पिशवीत जातो) तरी दिवसाला पावणेसात जीबी. 128 जीबीचं एक कार्ड 18-19 दिवस पुरतं. रोज एवढं चित्रीकरण होणार नाहीच, म्हणून 128 ची चार किंवा 256 ची दोन-तीन पुरतील. मी 128 चीच घेईन. भरलेलं कार्ड मध्ये भेटायला येणाऱ्या नातेवाइकाकडे घरी पाठवता येतं. घरी आलं की तुम्ही ते दोन ठिकाणी उतरवून घ्या, आणि नक्कल उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसू नका. 4के (1080पीहून बारीक तपशिलाचं चित्र) मध्ये 60 एमबीपीएसला तासाला 27 जीबी जातात, म्हणून कॅमेरा 1080पीवर लावूनच हातात द्या. घाटावरची आरती 1080पीमध्येही छानच दिसते.

घेण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत कार्डाची कमाल मर्यादा बघा. काही जुनी उपकरणं 32 जीबीच्या पुढे ओळखतच नाहीत. आमच्या आईचा भजनाचा स्पीकर त्यातलाच, 64 जीबीचं कार्ड घातलं की मुका होतो.

कंपनी म्हणाल तर सॅनडिस्क, सॅमसंग, किंगस्टन, लेक्सार यांतलं कुठलंही चालेल, यावर भांडत बसण्यात अर्थ नाही. नक्कलही नेमकी याच नावांची होते, म्हणून कुणाकडून घेताय ते जास्त महत्त्वाचं. ऑनलाइन घेत असाल तर वस्तूच्या नावाखाली विक्रेत्याचं नाव बारीक अक्षरात असतं ते वाचा. दुकानातून घेत असाल तर पक्कं बिल घ्या, वॉरंटी त्यावरच चालते. ‘हाय एंड्युरन्स’ लिहिलेली कार्डं गाडीतल्या डॅशकॅमसाठी किंवा सीसीटीव्हीसाठी असतात, जिथे तेच तेच पुन्हा पुन्हा पुसून लिहिलं जातं. तुम्हाला नकोत.

वडिलांना दोनच गोष्टी नीट शिकवा. एक, चित्रीकरण चालू असताना बॅटरी किंवा कार्ड काढायचं नाही. आधी लाल बटण दाबून थांबवायचं, मग बाकीचं. एमपी4 फाइलची अनुक्रमणिका बहुतेक कॅमेरे शेवटी लिहितात. मधेच वीज गेली तर आत चित्र असूनही फाइल उघडत नाही. दोन, चुकून काही पुसलं गेलं तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढायचा नाही. कार्ड काढून बाजूला ठेवायचं आणि तुम्हाला फोन करायचा. पुसलेली माहिती लगेच नाहीशी होत नाही, तिच्यावर नवीन काही लिहिलं गेलं की मग गेली. फोटोरेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने मी एका बारशाचे जवळजवळ सगळे फोटो असे परत मिळवलेत.

आणि पुसलेल्या फाइली कार्ड काढून घातल्यावर पुन्हा जिवंत होऊ लागल्या, फॉरमॅट करूनही जुनं तसंच दिसू लागलं, तर ते भूत नव्हे. कार्ड संपत आलंय, कंट्रोलरने लिहिणं बंद करून फक्त वाचू देणं चालू ठेवलंय. असेल ते उतरवून घ्या आणि कार्ड टाकून द्या.

चारही कार्डांवर बारीक मार्करने 1, 2, 3, 4 लिहा आणि झाकण घट्ट बसणाऱ्या छोट्या डबीत द्या. कोरी कार्डं छापाची बाजू वर, भरलेली उलटी. लग्नात मी असंच करतो, अंधारातही बोटाला कळतं. कार्डं आली की चाचणीच्या शेवटच्या पडद्याचा फोटो इथेच टाका, बघून सांगतो.