आधी फोटो काढा, मग पेनड्राइव्ह लावा

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेव्हापासून या सदराच्या टपालात दुसरा विषयच नाही. सांगलीतल्या माझ्या दुकानातही तेच चाललंय. गिऱ्हाईक सीपीयू काखेत मारून येतं, टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, ‘विंडोज अकरा टाकून द्या.’ आत काय आहे विचारलं की, ‘काही नाही हो, असंच.’ मग तासाभराने फोन येतो, ‘ताई, त्यात मुलीच्या लग्नाचे फोटो होते.’ यावेळी चार पत्रं घेतली आहेत. नावं न छापण्याची बऱ्याच जणांची विनंती असते, म्हणून फक्त गावं देते.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक. घरचा डेस्कटॉप २०१६ चा आहे. सहाव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. विंडोज ११ साठी हा संगणक पात्र नाही, असा संदेश येतो. गावातला एक मुलगा म्हणतो, ‘सर, मी टाकून देतो, तासाभराचं काम.’ माझे सगळे लेख श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या प्रोग्राममध्ये आहेत. घ्यावं का टाकून? (वाई)

उत्तर : सर, मुलगा खोटं बोलत नाही. रूफस नावाचा छोटासा प्रोग्राम आहे. पेनड्राइव्ह बनवतानाच तो टीपीएम आणि सिक्युअर बूट या अकराच्या सुरक्षेच्या अटी काढून टाकतो आणि अकरा तुमच्या मशीनवर सुरू होतं. पण मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून पुढचे आहेत. यादीबाहेरच्या मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी ते देत नाहीत. वर्षाला येणारी मोठी आवृत्ती तर आपणहून येतच नाही, दरवर्षी त्या मुलाला बोलवावं लागेल. शिवाय ४ जीबी रॅम ही अकराची अगदी किमान अट. फिरत्या डिस्कवर ते कसं चालेल हे बघायचं असेल तर सुरू करून चहा टाका, चहा आधी होईल. तुमच्या जागी मी टाकून घेणार नाही.

घाई करायचंही कारण नाही. विंडोज १० ला सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळू शकतात. त्यासाठी मशीनवर २२एच२ ही आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन हवं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीचा दुवा दिसतो. सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर चालू केला तर पैसे पडत नाहीत. तो चालू करायचा नसेल तर ३० डॉलरचा पर्याय आहे, पण तुम्ही त्या भानगडीत पडू नका. नवीन सोयी यात काही मिळत नाहीत, फक्त भोकं बुजवली जातात. तेवढं पुरे.

या मुदतीत एक एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घ्या, २४० किंवा २५६ जीबीची, आणि रॅम ८ जीबी करा. रॅम घेताना जुनी पट्टी सोबत न्या. सहाव्या पिढीच्या बोर्डांवर डीडीआर३ही असते आणि डीडीआर४ही, आणि एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही. मग त्या एसएसडीवर लिनक्स मिंट टाका, ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली आहे. तुमचं काम पत्रात दिसतंच आहे. मेल, पेन्शनचं पान, यूट्यूब आणि लिहिणं. एवढ्याला मिंट झकास चालतं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, आणि पडद्याची मांडणी विंडोजसारखीच, डाव्या कोपऱ्यात मेन्यू.

आता श्रीलिपी. श्रीलिपी मिंटवर चालणार नाही, आणि जुन्या आवृत्त्यांचं डोंगलही (संगणकाला लावायची परवान्याची किल्ली) तिथे कामाचं नाही. म्हणून विंडोज जिवंत असतानाच दोन कामं करा. प्रत्येक लेखाची पीडीएफ काढून ठेवा, म्हणजे निदान वाचता तरी येईल. नंतर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा रूपात, आणा. श्रीलिपीच्या बऱ्याच आवृत्त्यांत ती सोय असते, शोधा. रूपांतर झाल्यावर ‘पर्यंत’, ‘दुसऱ्या’, ‘कार्यक्रम’ असे शब्द मुद्दाम तपासा. रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, ऱ्हस्व वेलांटी एक घर सरकते. पीडीएफ शेजारी उघडी ठेवून वाचायचं. कंटाळवाणं आहे, पण शाळेचे पेपर तपासलेल्या माणसाला हे काय अवघड!

मिंट टाकायच्या आदल्या संध्याकाळी फोन घेऊन संगणकासमोर बसा आणि फोटो काढा. डिस्क मॅनेजमेंटच्या पडद्याचा, म्हणजे कोणता भाग किती जीबीचा ते राहील. बसवलेल्या प्रोग्रामच्या यादीचा. प्रिंटरच्या नावाचा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड वहीत उतरवून घ्या. मग फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. त्यात ‘डेस्कटॉप’ आणि ‘डाउनलोड्स’ विसरू नका, कारण पडद्यावर दिसतं ते सगळं सी ड्राइव्हमध्येच असतं. कॉपी झाल्यावर ती डिस्क मुलाच्या किंवा शेजाऱ्याच्या लॅपटॉपला लावून दोन-चार फाइली उघडून बघा. उघडल्या तरच बॅकअप झाला म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला की जुन्या हार्ड डिस्कची साटा केबल बोर्डापासून काढून ठेवा. दोन्ही डिस्क लावून इन्स्टॉल केलं की सुरू होण्यासाठी लागणारा छोटासा भाग कधीकधी जुन्या डिस्कवर जाऊन बसतो, आणि पुढे ती डिस्क काढली की नवीन मशीन उठत नाही. केबल काढलेली असली की चुकून जुनी पुसली जायची भीतीही नाही. नवीन नाही आवडलं तर केबल परत लावायची आणि विंडोज १० सुरू!

मिंटची फाइल तीन जीबीच्या आसपास असते, ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. मशीन सुरू होताना एफ१२ (काहींना एफ८, काहींना एफ११) दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करा. लगेच ‘इन्स्टॉल’ दाबू नका. पेनड्राइव्हवरूनच मिंट अख्खं चालतं, तेव्हा तिथेच आवाज, वायफाय, मराठी कीबोर्ड आणि प्रिंटर तपासा. जुने एचपी लेझरजेट बहुधा लागतात. कॅननचा एलबीपी २९०० असेल, आणि आपल्याकडे दर दुसऱ्या घरात तोच असतो, तर लिनक्सवर तो भारी छळतो. तसं असेल तर मला परत लिहा, मग आपण वेगळा विचार करू. आणि तुमच्याकडे ज्या वारी वीज जाते तो वार टाळा.

प्रश्न : दहाव्या पिढीचा आय-फाइव्ह डेस्कटॉप विंडोज १० होमसह घेतला होता. पुसून स्वच्छ ११ टाकायचं आहे. नवीन की विकत घ्यावी लागेल का? ‘डी’ वरचा डेटा राहतो ना? (फोंडा, गोवा)

उत्तर : की लागत नाही. तुमचं लायसन्स त्या मदरबोर्डला बांधलेलं आहे. इन्स्टॉल करताना की विचारली तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडा आणि आवृत्ती होमच घ्या. प्रो निवडलंत तर अॅक्टिव्हेट होणार नाही. दोन-चारशे रुपयांना की विकणाऱ्यांचा नाद सोडा.

‘डी’ चं मात्र जपून. इन्स्टॉलरच्या पडद्यावर सी, डी अशी नावं नसतात. तिथे ‘ड्राइव्ह ०, पार्टिशन ३’ असं काहीतरी येतं, आणि कोणतं कुठलं हे आकारावरून ओळखावं लागतं. म्हणून वर सांगितलेला डिस्क मॅनेजमेंटचा फोटो तुम्हीही काढा. तो हातात नसताना ‘डिलीट’ दाबू नका. आणि डी राहिला तरी त्याची एक प्रत बाहेर हवीच.

खरं तर पुसायचं कशाला? मशीन यादीत आहे, तर विंडोज अपडेटमधूनच अकरा घ्या. फाइली राहतात, प्रोग्राम राहतात, आणि नाही पटलं तर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधून परत दहावर जाता येतं. त्या दहा दिवसांत ‘विंडोज.ओल्ड’ हा फोल्डर जागा खातोय म्हणून उडवू नका, परतीची वाट त्याच्यातच असते. मशीन खरोखर व्हायरसने किंवा कचऱ्याने भरलं असेल तरच पुसा.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपवर विंडोज ११ ठेवून शेजारी उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकायचं आहे. मित्राने टाकलं तर त्याच्या विंडोजने निळ्या पडद्यावर ४८ आकडी नंबर मागितला आणि तो अडकला. माझंही तसं होईल का? (नांदेड)

उत्तर : न बघता केलंस तर होईल. तो बिटलॉकरचा नंबर. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि ते कोणी सांगत नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळातल्या सेटिंग्जमध्ये, सिक्युअर बूट वगैरे हलवलं की विंडोजला संशय येतो आणि तो नंबर मागतो. किल्ली बहुधा तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यातच साठलेली असते. आधी तिथून ती कागदावर उतरव, मगच बायोसला हात लाव. मित्रालाही हेच सांग. दुसऱ्याच्या फोनवरून त्याच्या खात्यात जाऊन त्याला नंबर सापडेल.

बाकीचं थोडक्यात. जागा विंडोजमधूनच कमी कर, उबुंटूच्या इन्स्टॉलरमधून नको. फास्ट स्टार्टअप बंद कर, नाहीतर विंडोज पूर्ण बंद होतच नाही आणि त्याच्या डिस्कवर उबुंटूला लिहिता येत नाही. इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर बायोसमध्ये इंटेलची आरएसटी किंवा व्हीएमडी ही डिस्क हाताळण्याची सोय चालू असेल. ती सरळ बंद करू नकोस, त्याने विंडोज उठायचं थांबतं. आधी विंडोज सेफ मोडमध्ये (किमान सोयींसह) सुरू होईल असं करून मग ती बदलतात. हे काम जाणत्या सीनिअरला शेजारी बसवून कर.

आणि सगळं नीट झालं की विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. घाबरू नकोस, बॅटरी गेलेली नाही. उबुंटू मशीनच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहितं, विंडोज तीच भारताची समजून वाचतं. ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेने उबुंटूला स्थानिक वेळ वापरायला सांगता येतं.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा हिशेब वीस-बावीस वर्षं डॉस या जुन्या प्रणालीतल्या फॉक्सप्रोच्या (डेटाबेसच्या) प्रोग्रामवर आहे. बनवून देणारे गृहस्थ आता हयात नाहीत. जुना संगणक विंडोज ७ चा, खूप गरम होतो. नवीन आणला, त्यात विंडोज ११. फोल्डर कॉपी केला तर ‘हे अॅप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’ असं म्हणतो. संचालक म्हणतात, संगणकच खराब दिला. (कडेगाव)

उत्तर : संगणक चांगला आहे, संचालकांना तसं सांगा. ३२ बिटच्या विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्राम चालवणारा एक थर असायचा, तो ६४ बिटमध्ये नाही. तुमचं विंडोज ७ बहुधा ३२ बिटचं आहे. विंडोज ११ ३२ बिटमध्ये निघालेलंच नाही, त्यामुळे कोणी कितीही ‘सेटिंग करून देतो’ म्हटलं तरी सरळ चालणार नाही.

चालतं ते डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉसमध्ये. हे प्रोग्राम विंडोजच्या आत एक छोटा डॉसचा संगणक उभा करतात. फोल्डर अख्खा न्या. नुसत्या डीबीएफ (नोंदींच्या) फाइली नेल्या तर इंडेक्सच्या सीडीएक्स आणि मेमोच्या एफपीटी मागे राहतात आणि प्रोग्राम नीट चालत नाही. चाचणी अशी करा : एका जुन्या तारखेचा दिवस घ्या. जुन्या मशीनवर त्या दिवसाची रोजकीर्द आणि तेरीज छापा. नव्या मशीनवर तीच छापा. दोन्ही कागद उजेडात एकावर एक धरून बघा. आकडे जुळतात, पण रकाने सरकलेले असतात, हे बहुतेक ठिकाणी होतं, कारण डॉट मॅट्रिक्सला जाणारे छपाईचे संकेत मधल्या प्रोग्रामला नीट कळत नाहीत. टीव्हीएसचा जुना प्रिंटर जाड पॅरलल केबलवर असेल तर नव्या बोर्डवर ते छिद्रच नसतं. यूएसबीची अडॅप्टर केबल प्रत्येक वेळी चालतेच असं नाही, दुकानात लावून बघून मगच घ्या.

हे सगळं तात्पुरतं समजा. डीबीएफ फाइल लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडते, तेव्हा खातेदारांच्या शिलकांची यादी आजच काढून ठेवा. पुढे नवीन प्रोग्राम घ्याल तेव्हा देणाऱ्याला हीच यादी लागते. जुना संगणक इंटरनेटपासून तोडा, पंखा साफ करून घ्या, प्रोसेसरवरची पेस्ट बदला, गरम होणं बरंच कमी होईल. बदलाचं काम मार्चमध्ये अजिबात काढू नका. एप्रिल उलटला की दोन्ही मशीनवर महिनाभर समांतर नोंदी करा. कारकून कुरकुरेल, त्याला समजावून सांगा. आणि ऑडिटरची सही होईपर्यंत जुनं मशीन भंगारवाल्याला द्यायचं नाही.