बिझनेस क्लास घेतोच आहोत, तर दोहा की दिल्ली?

प्रश्न : आम्ही नागपूरला प्रतापनगरात राहतो, मुलगी शिकागोला असते, डिसेंबरात तिचं बाळंतपण. यांचे दोन्ही गुडघे बदललेत म्हणून ती म्हणते आई पैशाकडे नको बघू, बिझनेस क्लासनेच या. तर कतारचं एकाच तिकिटावर नागपूर-दोहा-शिकागो आहे, किंवा इंडिगोने दिल्ली आणि पुढे एअर इंडियाचं वेगळं तिकीट, हे बरंच स्वस्त पडतंय. तिसरं मुंबई-फ्रँकफर्ट. जावई म्हणतात दिल्ली, माझा भाऊ म्हणतो दोहा. काय करावं?

उत्तर : ताई, भावाचं ऐका. जावयांना मी सांगितलं म्हणून सांगू नका फक्त.

स्वस्तच्या मागे काय आहे ते बघा. डिसेंबर म्हणजे दिल्लीत धुकं, मी एकदा असंच वेगळं तिकीट काढून निघालो होतो, विमान दिल्लीवर अर्धा तास घिरट्या घालून जयपूरला उतरलं आणि तिथे सीटवर बसून मोबाईलवर माझ्या पुढच्या विमानाची वेळ उलटून जाताना बघत होतो, पुढचे पैसे बुडाले ते बुडालेच कारण दोन तिकिटं म्हणजे पुढच्या कंपनीसाठी तुम्ही आलाच नाहीत. बरं, अमेरिकेच्या बिझनेस तिकिटावर माणशी 32 किलोच्या दोन बॅगा चालतात, पण नागपूर-दिल्लीच्या साध्या तिकिटावर 15 किलो, मग डिंकाचे लाडू कशात भरणार? आणि इंडिगो दिल्लीच्या टर्मिनल 1 ला उतरलं तर बॅगा उचलून टर्मिनल 3 गाठायचं, ते जवळ नाहीये, यांच्या गुडघ्यांचं काय? शिवाय एप्रिल 2025 पासून पाकिस्तानवरून जायला बंदी झाली त्यामुळे एअर इंडियाचे अमेरिकेचे प्रवास लांबले, काहींना तर मध्ये व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावं लागलं.

फ्रँकफर्टला अमेरिकेचा व्हिसा असला की ट्रान्झिट व्हिसाची, म्हणजे नुसतं विमान बदलायला लागणाऱ्या व्हिसाची, भानगड नाही, पण लुफ्थान्सा या जर्मन कंपनीच्या बऱ्याच जुन्या विमानांत सीटा 2-2-2 अशा, म्हणजे रांगेत दोन-दोनच्या जोड्यांत आहेत, खिडकीवाल्याला शेजाऱ्याच्या पायांवरून ओलांडून बाथरूमला जावं लागतं. यांना जमेल?

दोह्याला नागपूरहून छोटंच विमान जातं, त्यात फार अपेक्षा नको, चारेक तास निघून जातात. खरी झोप पुढच्या चौदा-पंधरा तासांत, तिथे क्यूस्वीट, म्हणजे कतारची खोलीसारखी बिझनेस सीट, मिळतंय का ते बघा, सरकतं दार असतं, सीट पूर्ण आडवी होते, मधल्या जोडीच्या सीटा घेतल्या तर दोघांचा एक पलंगच होतो. पण कतारच्या सगळ्या विमानांत ते नाही, म्हणून पैसे भरायच्या आधी विमान कोणतं ते विचारा, आणि व्हीलचेअर तिकिटासोबतच नोंदवा, फुकट असते, लाजू नका.

जून 2025 मध्ये कतारचंही आकाश काही तास बंद झालं होतं हे खरंय. पण एकच तिकीट असलं की तुम्हाला शिकागोला पोचवायची डोकेदुखी कंपनीची.

आणि हो, सीझन असला तरी संत्री नका नेऊ, ताजं फळ तिकडे एअरपोर्टवरच काढून घेतात.