कमानीआधी गाळे मोज

प्रिय,

जुन्या पेठेसाठी केलेला तुझा कला-परिसराचा आराखडा वाचला. सुरुवातीलाच भित्तिचित्रं, महोत्सव, स्वागतकमान आणि बोधचिन्ह. गाळ्यांच्या भाड्याचा उल्लेख शेवटून दुसऱ्या पानावर. हा क्रम उलटा कर.

आधी मोजणी. लोक आजही जिथे आपणहून येतात असं नाट्यगृह, ग्रंथालय किंवा देऊळ मध्यभागी धर आणि भोवती ५०० मीटरचं, म्हणजे सात-आठ मिनिटं चालण्याचं वर्तुळ काढ. त्यातलं प्रत्येक शटर तीनदा बघ: कामाच्या दिवशी सकाळी अकराला, संध्याकाळी साडेसातला आणि रविवारी दुपारी. कायमचं कुलूप, गोदाम झालेला गाळा आणि लवकर बंद होणारं दुकान यांचे रकाने वेगळे ठेव, कारण तिघांवरचे उपाय वेगळे आहेत. मग मालमत्ता पत्रकं काढ. पेठेत रिकामी दिसणारी जागा बऱ्याचदा पागडीची, म्हणजे जुन्या भाडेकरूच्या हक्काची असते, नाहीतर वारसांच्या भांडणात अडकलेली. ती कुणाला घेता येत नाही, म्हणून तर रिकामी पडली आहे. अशा जागेवर आराखड्यात रंग भरू नकोस.

मुंबईच्या काळा घोडा परिसराचा दाखला तू दिला आहेस, पण अर्धाच. तिथली असोसिएशन १९९८ ची, महोत्सव १९९९ पासूनचा. त्याआधी जहांगीर कलादालन १९५२ पासून होतं, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९९६ मध्ये आलं होतं, आणि वस्तुसंग्रहालय, डेव्हिड ससून ग्रंथालय ही मंडळी तर फार जुनी. सगळी एकमेकांपासून पाच-दहा मिनिटांवर. शिवाय १९९५ च्या वारसा नियमावलीमुळे इमारती पाडणं अवघड झालं होतं. महोत्सवाने तिथे परिसर उभा केला नाही. असलेल्या परिसराकडे लोकांचं लक्ष वळवलं आणि जतनाच्या कामासाठी पैसा उभा केला. नावसुद्धा आयतंच होतं. एडवर्ड राजाचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तिथून हलला आणि राणीच्या बागेत गेला, तरी लोकांच्या तोंडी 'काळा घोडा'च राहिला. बिनस्वाराचा नवा घोडा बसला तो २०१७ मध्ये. तेव्हा पेठेला सल्लागाराकडून चकचकीत इंग्रजी नाव घेण्याच्या फंदात पडू नकोस.

गर्दीला गिऱ्हाईक समजू नकोस. महोत्सवाचे नऊ दिवस तिथल्या रिदम हाउस या संगीताच्या दुकानासमोरून माणसांचे लोंढे जायचे. तरी ते २०१६ मध्ये बंद झालं, कारण संगीत विकत घेण्याची सवयच गेली होती. जहांगीरमधलं समोवार हे उपाहारगृह १९६४ पासून चित्रकारांना, लेखकांना रेंगाळायला जागा देत होतं, तेही २०१५ मध्ये गेलं. अशी बसायची जागा कुठल्याच नकाशात दाखवलेली नसते. तुझ्या वर्तुळात स्वस्त चहा, पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी स्वच्छ, रात्री उघडं स्वच्छतागृह कुठे आहे, हे कमानीच्या आधी ठरव.

आता भाडं. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये लिबर्टी अॅव्हेन्यूवर अश्लील सिनेमांची थिएटरं होती. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या कल्चरल ट्रस्टने स्टॅन्ली हे जुनं थिएटर दुरुस्त करून १९८७ मध्ये बेनेडम सेंटर म्हणून उघडलं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आसपासच्या इमारतीही ताब्यात घेतल्या. त्यामुळे कुणाला जागा द्यायची आणि कितीला, हे ट्रस्टच्या हातात राहिलं. तुझ्याकडे एवढा पैसा नाही, पण नगरपालिकेच्या मालकीची बंद शाळा असेल, मंडईचा वरचा मजला असेल; सुरुवात तिथून कर. खासगी गाळ्यांत अकरा महिन्यांचा करार घात करतो. कलाकार स्वतःच्या पैशाने वायरिंग करतो, रंग लावतो, वस्ती जागी करतो आणि पुढच्या वर्षी तोच गाळा मालक कॅफेला देतो. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी मुदत कितीही असली तरी करावीच लागते, मग ती टाळायला केलेल्या अकरा महिन्यांच्या करारात वाचलं काय? साठ महिन्यांचा कर. दरसालची वाढ आकड्यात लिही आणि पहिली तीन वर्षं मालकाला जागा खाली करून घेता येणार नाही, असं कलम घाल. मालक अडला तर दर्शनी भागाची दुरुस्ती प्रकल्पातून करून देण्याची तयारी दाखव. बहुतेकांचं घोडं तिथेच अडलेलं असतं.

वाड्याच्या माडीवर प्रदर्शन दाखवलं आहेस, ते खाली आण. भारतीय मानकात राहत्या खोलीच्या जमिनीला चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात, खुर्च्या पक्क्या न बसवलेल्या सभागृहाला ५०० किलो. उद्घाटनाला माणसं एकाच चित्रासमोर दाटीने उभी राहतात, आणि वाड्याच्या तुळया असल्या हिशेबाने घातलेल्याच नाहीत. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक ओलीने आधी कुजतं आणि तैलरंगाखाली दिसत नाही. टोच्या खुपसून बघ, सहज आत गेला तर तो भाग टेकू देऊन बंद ठेव. माडीवर दोघा-तिघांचे स्टुडिओ चालतील. दगडकाम आणि कुंभाराची विजेची भट्टी तळमजल्यावरच, भट्टीसाठी थ्री-फेज जोडणी घे आणि विजेचा मंजूर भार आधी वाढवून घे.

खुला रंगमंच कोर्टाच्या भिंतीला लागून आखला आहेस. कोर्ट, शाळा, रुग्णालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र होऊ शकतो. तिथे ध्वनिक्षेपक विसर. इतरत्रही रात्री दहाला आवाज बंद. राज्य सरकार वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, आणि त्यातले बरेचसे गणपती-नवरात्रातच संपतात.

येत्या आठवड्यात शटरांची मोजणी उरक. साडेसातचा रकाना आधी पाठव, मग कमानीचं बघू.

कळावे.