चंद्रयान-२ शंभर किलोमीटरवरून चंद्राच्या मातीत काय आहे ते कसं ओळखतं? सांगलीत बसून आपल्याला ती माहिती तपासता येते का?

तपासता येते. इस्रोच्या 'प्रदान' पोर्टलवर नोंदणी करा आणि यानावरच्या 'क्लास' या क्ष-किरण मोजणाऱ्या उपकरणाच्या फिट्स फाइल (खगोलशास्त्रात माहिती साठवायचा प्रकार) उतरवून घ्या.

सूर्याचे क्ष-किरण मातीवर पडले की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण सोडतं: मॅग्नेशियम १.२५, अ‍ॅल्युमिनियम १.४९, सिलिकॉन १.७४, लोह ६.४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. 'क्लास' तेच मोजतं. आलेखात प्रत्येक मूलद्रव्याच्या ऊर्जेजवळ एक शिखर दिसतं. पण नुसती शिखराची उंची बघून टक्केवारी काढू नका, इथेच बहुतेकांचं चुकतं. सूर्य भडकला, म्हणजे सौरज्वाला उठली, की सगळीच शिखरं वाढतात. म्हणून त्याच क्षणाची 'एक्सएसएम'ची (यानावरचंच, सूर्याचे क्ष-किरण मोजणारं उपकरण) सौर नोंद सोबत घ्यावीच लागते. सौरज्वाला नसेल तर लोह शोधत बसू नका, दिसणार नाही.

एक फाइल ८ सेकंदांची. तेवढ्यात यान सुमारे १२ किलोमीटर पुढे जातं, म्हणजे सांगली-मिरज एकाच ठिपक्यात. शिखर स्पष्ट व्हावं म्हणून १२ फाइल जोडल्या तर पट्टा दीडशे किलोमीटरचा होतो, सांगलीपासून साताऱ्याच्याही पलीकडे. मी तरी जोरदार ज्वालेच्या वेळच्या थोड्याच फाइल घेईन. मग चंद्राच्या रात्रीच्या बाजूची नोंद, म्हणजे ऊन नसतानाची पार्श्वभूमी, वजा करा. पौर्णिमेच्या आसपास चंद्र पृथ्वीच्या चुंबकीय शेपटीतून जातो आणि कणांच्या माऱ्याने ही पार्श्वभूमी वाढते, त्यामुळे त्या दिवसांना दुसऱ्या दिवसांची नोंद लावू नका.

एवढं करून मूलद्रव्य कळतं, खनिज नाही. अजिंक्यताऱ्याचा काळा कातळ आणि कासचा तांबडा जांभा घ्या. जांभा त्याच कातळाचा झिजून झालेला. लोह दोन्हीत आहे, खनिजं मात्र निराळी. शिवाय हे क्ष-किरण केसाच्या जाडीएवढ्या थरातूनच येतात. क्ष-किरण अडवणारी हवा नसती आणि असं यान कासवरून गेलं असतं, तर त्याला फक्त जांभा दिसला असता, खालचा कातळ नाही.

खनिजासाठी 'आयआयआरएस' या यानावरच्या अवरक्त उपकरणाचा ०.८ ते ५ मायक्रॉनचा वर्णपट बघा. पायरॉक्सिन हे खनिज असेल तर १ आणि २ मायक्रॉनजवळ वर्णपटात खळगे दिसतात. पाण्याचा आणि हायड्रॉक्सिलचा (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) खळगा ३ मायक्रॉनजवळ असतो, पण दुपारी शंभर अंशांवर तापलेली जमीन स्वतःच तिथे प्रकाश सोडते आणि खळगा बुजवते. ही उष्णता आधी वजा करा, नाहीतर ओलसर जागाही कोरडी वाटेल.