तीन वर्षांचा मारवाडी बछेरा चालीला उत्तम आहे, पण सारखा भडकतो आणि दर महिन्याला कुठेतरी लागून घेतो. चंदी (रोजचा दाणा) वाढवू का? चाबुकस्वाराकडे, म्हणजे घोडा शिकवणाऱ्याकडे, देऊ की विकून टाकू?

आधी बछेऱ्याचा ओठ उचलून दात बघा, मग पुढचं वाचा. समोरचे मधले दोन दात अडीच वर्षांच्या सुमाराला पडून पक्के येतात, त्यांच्या शेजारची जोडी साडेतीनला आणि कडेची साडेचारला. मधली जोडी मोठी, पिवळसर आणि बाकीचे दात छोटे, पांढरे असतील तर वय बरोबर आहे. सगळेच दुधाचे असतील तर तुम्हाला दोन-सव्वादोन वर्षांचं पोर तीनचं म्हणून खपवलंय. यात्रेत हे सर्रास चालतं.

दात बघताच आहात तर दाढेच्या पुढे, लगामाची कडी जिथे टेकते तिथे, बोट फिरवा. काही घोड्यांना तिथे एक छोटा टोकदार दात असतो, डॉक्टर त्याला वुल्फ टूथ म्हणतात. शिवाय अडीच ते साडेचार या काळात दुधाच्या दाढांच्या टोप्या सुटत असतात आणि हिरड्या हुळहुळ्या असतात. लगाम घातला की मान झटकणारा, तोंड उघडणारा, मागच्या पायांवर उभा राहणारा बछेरा पुष्कळदा याच दुखण्यानं तसं करतो. डॉक्टर पंधरा मिनिटांत दात काढून देतात. लोक मात्र लगाम आणखी कडक घालतात.

आणि चंदी? वाढवू नका, उतरवा. हे इतकं ठासून सांगतोय कारण याच गोष्टीवरून आमच्या मामांचं आणि माझं वाजलेलं आहे आणि ते अजून मिटलेलं नाही. मामांचं सगळं शास्त्र दोन वाक्यांत मावतं: बरगड्या दिसल्या की हरभरा वाढवा, उड्या मारायला लागला की दमवा.

दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेतून आमच्याकडे एक कुमाईत (तांबूस अंग, काळी आयाळ) बछेरा आला होता. रवाल ही झपझप, धक्के न देणारी चाल न शिकवता पायात होती. गळ्यावरचा देवमण, म्हणजे शुभ मानतात तो केसांचा भोवरा, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं निरखून पाहिला, पाय उचलून खूर कोणीच पाहिला नाही. मामांनी त्याला लावून दिलेला दिनक्रम असा: चार किलो हरभरा, तोही दोनच वेळा, वर घमेलंभर गव्हाचा कोंडा, कडबा नावापुरता. दिवसभर अगाडी-पिछाडीला, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांना दोऱ्यांनी, बांधलेला. संध्याकाळी टणक जमिनीवर लहानशा गोलात पाऊण तास दुडकीचा कावा, म्हणजे लांब दोरीवर गोल गोल दुडक्या चालीनं पळवणं.

आता यातून काय काय होतं ते बघा. घोड्याच्या जठरात आम्ल रात्रंदिवस पाझरत असतं, खाल्लं तरी आणि न खाल्लं तरी. ते शमवते ती लाळ, आणि लाळ सुटते फक्त चावताना. चारा तासन् तास चावून होतो, चंदी वीस मिनिटांत संपते. मग रिकाम्या पोटात आम्ल, आणि कावा फिरताना ते उसळून जठराच्या वरच्या, अस्तर नाजूक असलेल्या भागावर जातं. तिथे व्रण होतात. तंग (जिनाचा पोटाखालचा पट्टा) आवळताना कान पाडणं, दात खाणं, चंदी अर्धी सोडणं ही त्याची लक्षणं. आमच्याकडे याला 'खुनशी आहे' म्हणत. हरभऱ्यातला पिष्टमय भाग एका वेळी जास्त गेला की लहान आतड्यात पचत नाही, पुढे मोठ्या आतड्यात आंबतो. मग पोटशूळ उठतो, नाहीतर खुराला लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या अस्तराचा दाह, होतो. घोड्याला उलटी करता येत नाही, हेही विसरू नका.

कोंड्याचं तर विचारूच नका. त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या दहापट असतो, आणि वाढत्या बछेऱ्याला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा दीड-दोन पट जास्त हवं. तेवढं मिळालं नाही की शरीर ते हाडांतून ओढून घेतं. वरून अंग भरलेलं दिसतं, आत हाड भुसभुशीत.

पहिली इजा पिछाडीनं झाली. रात्री कशाला तरी दचकून लाथ झाडली आणि मागच्या पायाला, खुराच्या वर मागच्या खोबणीत, दोरीनं कातडी सोलली. त्यावर हळद, तेल, चुना आणि वर धोतराची पट्टी आवळून. गुडघ्याखाली घोड्याच्या पायाला मांस नसतंच. कातडी, शिरा (रक्ताच्या नव्हे, स्नायू हाडाला बांधणाऱ्या), हाड. तिथली जखम ओढून धरायला काही नाही, त्यामुळे ती कडेनं भरण्याऐवजी मधूनच लाल, लोंबतं मांस वर काढते आणि कातडी त्यावर चढू शकत नाही. झोंबणारी औषधं लावली की हे मांस आणखी जोरात वाढतं. शेवटी डॉक्टरांनी ते कापून सपाट केलं. जखमेला खरं हवं होतं ते इतकंच: पाइपानं गार पाण्याची बारीक धार पंधरा-वीस मिनिटं, मग मिठाचं पाणी (लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ), कोरडं गॉज, त्यावर कापसाचा जाड थर आणि सगळीकडे सारख्या दाबाची पट्टी. कापसाशिवाय आवळलेली पट्टी शीर कायमची सुजवते.

दुसरी इजा काव्यानं. पुढच्या पायाच्या नळीला आतल्या बाजूनं, गुडघ्याच्या थोडं खाली, बोराएवढी गाठ आली, दाबलं की पाय ओढायचा. ही स्प्लिंट. नळीच्या दोन्ही बाजूंना बारीक हाडं असतात, कोवळ्या वयात ती मोठ्या हाडाला तंतूंनी बांधलेली असतात. गोलात फिरताना आतल्या पायाच्या आतल्या हाडावर पिळा पडतो, तंतू फाटतात, सूज येते, मग तिथे हाड साचतं. गाठ गरम आहे तोवर दुडकी बंद. दिवसातून दोनदा वीस मिनिटं गार पाणी आणि फक्त सरळ रस्त्यावर हातात धरून चालवणं, असे चार ते सहा आठवडे. गाठ गार आणि टणक झाली की ती शोभा घालवते, चाल नाही.

मामांचा यावरचा युक्तिवाद अजून तोच: पुण्या-मुंबईची रेसची पोरं दोन वर्षांची पळतात, त्यांचं काय? पळतात. पण ती रुंद, मऊ ट्रॅकवर पळतात, वेग थोड्या अंतरासाठीच येतो आणि तो महिनोन् महिने हळूहळू वाढवलेला असतो. हाड जाड होतं ते अशा थोडक्या, सरळ, वेगाच्या दाबानं. दिवसभर खुंट्याला आणि मग पाऊण तास गोल, यानं हाड जाड होत नाही, झिजतं. तरीही रेसमध्ये पाय मोडतात, आणि इंडियन डर्बी चार वर्षांच्यांचीच असते. गुडघ्याच्या वरच्या हाडाची वाढीची पट्टी दोन-अडीच वर्षांपर्यंत उघडी असते, पाठीच्या मणक्यांच्या पट्ट्या पाच वर्षांपलीकडेही. म्हणून तीनला जीन टाकून सवय करा, लांब लगामावर मागून चालवायला शिकवा, पण स्वार चौथ्या वर्षी आणि तोही हलका. ३०० किलोच्या घोड्यावर जीन धरून ४५ किलोच्या वर सुरुवातीला नकोच.

दमवण्याबद्दल एवढंच की रोज दमवलेला बछेरा दोन महिन्यांनी तितकाच भडक असतो, फक्त आता दमत नाही.

तुमच्यासाठी, वजन ३०० किलो धरून: सुका चारा दिवसाला निदान सहा किलो. त्यात साडेचार किलो कडबा किंवा सुकं गवत आणि दीड किलो सुकं ल्युसर्न (लसूणघास), हिरवं असेल तर सहा-सात किलो. चार-पाच वेळा विभागून, रात्रीचा वाटा सगळ्यात मोठा. हरभरा फार तर एक किलो, भिजवून, दोन वेळांत, आणि चारा खाऊन झाल्यावरच. बरगड्या दिसत असतील तर हरभरा नाही, तेल वाढवा, २० मिलिपासून सुरू करून दोन आठवड्यांत १०० मिलिपर्यंत. मीठ २५ ते ३० ग्रॅम, पाणी कायम समोर. कोवळी हिरवी ज्वारी अजिबात नको. कोणताही बदल आठ-दहा दिवस घेऊन करा.

पिछाडी सोडा. बारा बाय बारा फुटांची मोकळी खोली द्या, आत खिळा, कडी, पत्र्याची कड काही राहू देऊ नका. दिवसाचे सहा-आठ तास मोकळ्या आवारात, सोबत एखादी म्हातारी शांत घोडी. कुमाईताला सगळ्यात जास्त फरक तिनं पडला. ती दचकत नाही म्हटल्यावर त्याचंही निम्मं दचकणं गेलं. काटेरी तार असेल तर आवार करूच नका, बांबू किंवा फळ्या लावा. बांधायचंच झालं तर मोहरकीची (तोंडावरच्या पट्ट्याची) दोरी खांद्याच्या उंचीला, हातभर मोकळी, आणि कडीला थेट न बांधता मध्ये सुतळीचा फास. घोड्यानं हिसका दिला की सुतळी तुटली पाहिजे, मान नाही.

मामा म्हणतात, तो वयानं शांत झाला. असेल. पण खुंटा सुटल्यानंतर त्याच्या पायाला पट्टी लागली नाही, ते कशानं?

काही गोष्टी वर राहून गेल्या. बछेरा एकाच बाजूनं दचकत असेल तर त्या बाजूचा डोळा दाखवा. पाणी येणं, उजेडात मिटणं, बुबुळावर निळसर झाक हे स्वभावाचं काम नाही, आतल्या दाहाचं आहे आणि ते उलटून उलटून येतं. सारखा अडखळत असेल, मागचे खूर पुढून घासत असतील, तर लहान गोलात चालवा आणि चार पावलं मागे सरकवा. मागचे पाय एकमेकांत अडकले किंवा बाहेर फेकले गेले तर मानेच्या मणक्यांत दाब असू शकतो, अशा घोड्यावर कोणाला बसवू नका. सांध्याजवळच्या जखमेतून पिवळसर, चिकट, तार धरणारं पाणी आलं तर ते सांध्याचं वंगण आहे. त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवशी नव्हे. धनुर्वाताची लस दोन डोस, चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं, मग दरवर्षी. घोड्याइतका धनुर्वाताला बळी पडणारा दुसरा पाळीव प्राणी नाही. दुखणं मारणारं इंजेक्शन देऊन कामाला लावू नका, त्यानं पाय आणि जठर दोन्ही जातं. आहाराचे आकडे मारवाडी-काठेवाडी अंगाचे आहेत, रेसच्या थरोब्रेडला वेगळे लागतील.

चाबुकस्वाराकडे द्यायचा असेल तर आधी न सांगता सकाळी त्याच्या पागेत जा. खुंटीला काटेरी लगाम दिसला तर बोलत बसू नका, परत या. तो प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६५च्या नियमांनीच बंद आहे. विकायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा, पण यात्रेत नेण्याआधी ग्लँडर्स या घोड्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगासाठी रक्त तपासून घ्या.