'भारतीय वंशाच्या' आणि 'कृष्णवर्णीय', दोन्ही एकाच वेळी?

प्रश्न असा आहे : अमेरिकेच्या माजी उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांचा उल्लेख बातम्यांत कधी 'भारतीय वंशाच्या' तर कधी 'कृष्णवर्णीय' असा येतो. मग वंश आणि वर्ण वेगळे मानायचे का? इंग्रजीतल्या 'रेस' (race) या शब्दासाठी मराठीत नेमके काय वापरावे? आणि 'बहुसांस्कृतिकता' हा जडजंबाल शब्द टाळता येईल का?

वंश हा मुळात आपल्या घरातला शब्द. वंशावळ, वंशपरंपरा, निर्वंश, वंशाचा दिवा. यांत कातडीचा रंग किंवा नाकाची ठेवण कुठेच नाही. आहे ती फक्त पिढ्यांची साखळी. 'जगातली माणसे मोजक्या वंशांत विभागलेली आहेत' हा अर्थ त्याला नंतर चिकटला, युरोपीय विद्येबरोबर आलेल्या 'आर्य वंश', 'द्रविड वंश' अशा चर्चांमधून. 'भारतीय वंशाच्या' म्हणताना आपण जुनाच अर्थ वापरतो : पूर्वज भारतातले, एवढेच. त्यातही गंमत पाहा. जुना वंश बापाकडून चालतो. हॅरिस यांचे वडील जमैकाचे, आई भारतातली. म्हणजे आजोबांच्या पिढीच्या हिशेबाने त्या भारतीय वंशाच्या ठरल्याच नसत्या. बातमीदारांनी आईकडचा वंशही धरायला सुरुवात केली आणि वाचकांनी हूं की चूं केले नाही. कोणताही ठराव न करता झालेला हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

'कृष्णवर्णीय' मात्र साखळीबद्दल बोलत नाही, समाजाने दिलेल्या जागेबद्दल बोलतो. त्यामुळे एकाच व्यक्तीला दोन्ही शब्द लागू शकतात आणि त्यात विसंगती नाही. वर्ण म्हणजे रंग हे खरे, पण तो डोळ्यांनी पाहून सरळ ठरतो असे नाही. दक्षिण आफ्रिकेत 1950च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येकाला गोरा, कलर्ड (मुख्यतः मिश्र वंशाचा) किंवा स्थानिक आफ्रिकी असा शिक्का मारला. शंका आली की केसांत पेन्सिल खोचून ती पडते की अडकते हे पाहिले जाई. हा कायदा 1991मध्ये रद्द झाला. तिथल्या गोऱ्यांच्या राजवटीमुळे मराठीत 'वर्णद्वेष' रुळला आणि तिथे तो चपखल आहे. आपल्याकडे वर्ण म्हटले की चातुर्वर्ण्यही आठवते, म्हणून इतरत्र तो जपून वापरावा.

अमेरिकेतला प्रकार आणखी बोलका. पंजाबातून तिथे गेलेल्या भगतसिंग थिंड यांनी नागरिकत्व मागताना आपण 'कॉकेशियन' म्हणजे गोऱ्यांत मोडतो असा युक्तिवाद केला. 1923मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. त्या काळातल्या जनगणनेत भारतीयांच्या 'रेस'च्या रकान्यात 'हिंदू' असे लिहीत. थिंड तर शीख! 1970मध्ये भारतीय गोऱ्यांत मोजले गेले, 1980मध्ये 'एशियन इंडियन' हा वेगळा पर्याय आला, आणि 2000पासून एकाहून अधिक पर्यायांवर खूण करण्याची मुभा मिळाली. माणसे तीच, रकाने बदलत गेले. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी 1972मध्ये दाखवले की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे 85 टक्के एकाच समूहाच्या आत सापडतात. जीवशास्त्राने या रकान्यांना फारसा आधार दिलेला नाही. तरी त्यांच्यामुळे झालेला अन्याय खरा आहे, म्हणून 'वांशिक ओळख' हा शब्दप्रयोग टाकूनही देता येत नाही.

माझा सल्ला : पूर्वज सांगायचे तर 'वंशाचा/वंशाच्या', समाजाने किंवा सरकारने केलेले वर्गीकरण सांगायचे तर 'वांशिक', भेदभावासाठी 'वंशभेद' किंवा 'वंशद्वेष'. 'वंशवाद' टाळा. हिंदीत त्याचा अर्थ घराणेशाही, आणि हिंदी बातम्या आपणही ऐकतोच.

आता बहुसांस्कृतिकता. इथे दोन गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या जातात. एका समाजात अनेक संस्कृती असणे ही वस्तुस्थिती. तिला 'बहुसांस्कृतिक समाज' पुरे. त्या टिकाव्यात आणि तरीही सगळ्यांचे नागरिकत्व समान असावे, हे धोरण. त्याला 'बहुसंस्कृतिवाद' म्हणावे. कॅनडाने हे धोरण 1971मध्ये जाहीर केले आणि 1988मध्ये त्याचा कायदा केला. आलेल्याने विरघळून जावे, ही अट त्याने काढून टाकली. 'विविधतेत एकता' हा त्याचा पर्याय नाही, कारण तिथे जोर एकतेवर आहे. इथे वेगळे राहण्याचा हक्कही मान्य आहे. मात्र प्रत्येक संस्कृती म्हणजे बंद डबा, असे हे धोरण राबवणारेच कधी कधी समजू लागतात. मग दोन डब्यांत जन्मलेल्याने कुठे जायचे?

अशा माणसांसाठी 'संकरित' कधीही लिहू नका. तो बियाणांचा आणि गायींचा शब्द, आणि गीतेतल्या 'वर्णसंकर'मध्ये तर उघड नापसंती आहे. 'मिश्र वंशाचे' चालेल. जागा असेल तर 'वडिलांकडून जमैकन, आईकडून भारतीय' असे सरळ लिहावे. चार शब्द जास्त लागतात, पण वाचणाऱ्याला आणखी काही विचारावे लागत नाही.