'जीप' शब्दाचा उगम : आद्याक्षरं की पॉपाय?

प्रश्न असा आला आहे : 'जीप' हा शब्द 'जनरल पर्पज'च्या आद्याक्षरांवरून, म्हणजे 'जी.पी.'वरून झाला असं आपण ऐकत आलो. पण तो पॉपायच्या कार्टूनमधून आला असंही कुणी सांगतं. खरं काय?

पॉपायशी संबंध आहे, आणि माझ्या मते तोच जास्त वजनाचा आहे.

पॉपाय हा खरं तर दुसऱ्याच्या घरात आलेला पाहुणा. ई. सी. सेगर १९१९ पासून अमेरिकेतल्या वृत्तपत्रांसाठी 'थिंबल थिएटर' ही चित्रमालिका काढत होते. तिच्यात ऑलिव्ह ऑयल होती, तिचा भाऊ कॅस्टर होता. कॅस्टरला जहाजासाठी खलाशी हवा होता, म्हणून १७ जानेवारी १९२९ रोजी एक डोळा मिटलेला हा गडी मालिकेत शिरला. प्रवास संपल्यावर सेगरनी त्याला निरोपही दिला होता. वाचकांनी तो परत मागितला आणि पुढे मालिकाच त्याची झाली.

याच मालिकेत मार्च १९३६ मध्ये युजीन आला. हा 'जीप' जातीचा प्राणी. ऑर्किडची फुलं खाणार, हवं तेव्हा अदृश्य होणार, भिंतीतून आरपार जाणार आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कधीही खोटं देणार नाही! बोलणं मात्र एवढंच : 'जीप, जीप.' म्हणजे शब्द मुळात प्राण्याचा आवाज आहे. आपल्याकडे 'म्याऊ' आणि 'भूभू' ही हाक तीच प्राण्याची नावं होतात, तसाच हा प्रकार.

अमेरिकी लष्कराची ती छोटी गाडी आली १९४० मध्ये, म्हणजे युजीननंतर चार वर्षांनी. कुठूनही वाट काढणाऱ्या गाडीला सैनिकांनी कुठेही पोहोचणाऱ्या प्राण्याचं नाव दिलं, तर त्यात नवल नाही. आता 'जी.पी.'चं पाहा. फोर्डच्या संकेतात ही अक्षरं होती हे खरं. पण त्यात 'जी' म्हणजे सरकारी काम आणि 'पी' म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ८० इंच अंतर असल्याची खूण. 'जनरल पर्पज' नंतर चिकटवलेलं आहे. 'जी.पी.' हा उच्चार आकसून 'जीप' होण्याला हातभार लागला असेल, आणि म्हणूनच कोशकार दोन्ही गोष्टी एकत्र सांगतात. पण तो आकसून नेमका 'जीप'वरच का थांबला? कारण तो आवाज लोकांच्या तोंडी आधीच बसला होता, असं मला वाटतं.

सेगरचा असाच दुसरा शब्द 'गून'. तो इंग्रजीत आधीपासून होता, पण घरोघर पोचवला १९३० च्या दशकातल्या त्यांच्या धिप्पाड गून मंडळींनी. पुढे संप मोडायला आणलेल्या भाडोत्री माणसांना तेच नाव पडलं. आपल्या 'गुंड'शी त्याची सोयरीक जुळवायचा मोह होतो, पण ते निव्वळ ध्वनिसाम्य आहे.

मराठीत 'जीप' स्त्रीलिंगी झाली ती 'गाडी', 'मोटार' यांच्या पंगतीत बसल्यामुळे. युजीनबद्दल लिहिताना मात्र 'तो जीप' असंच लिहावं.